नावाड्याची सून आणि आमची ओसरी

विडी वळणाऱ्या बाईचे हात अडकलेले असतात, पण कान मोकळे असतात. म्हणून आमच्या संगमनेरच्या गल्लीत कुणी एकटीनं घरात बसून विड्या वळत नसे. दुपारची धुणीभांडी आवरली की आपापलं सूप, कात्री आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं घेऊन सगळ्या आत्याबाईंच्या ओसरीवर जमायच्या. ओसरी कसली, वर पत्रा, खाली सारवलेली जमीन आणि पुढं एक दगडी पायरी. पण सावली दाट होती आणि आत्याबाईंचा शब्द त्याहून दाट. त्या तशा कुणाच्याच आत्या नव्हत्या. फार वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरच्या गल्लीत परत आलेल्या, म्हणून वय झाल्यावर सगळ्यांच्याच आत्याबाई झाल्या.

मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरची. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं शिक्षण झालं ते वाण्याच्या पुडीच्या कागदांवर. साखर डब्यात ओतली की मी कागद सोडायची नाही, चुलीपुढं बसून वाचून काढायची. हे एकदा आत्याबाईंनी पाहिलं आणि हुकूम सोडला, "मास्तरीण, एकटी काय वाचतीस? आमाला बी कळू दे की." त्या दिवसापासून मी ओसरीची मास्तरीण झाले. मी वाचायचं आणि माझ्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी थोड्या थोड्या वळून माझ्या सुपात टाकायच्या, असा रिवाज पडला. गंमत अशी की वाचन कसं झालं ते कारखान्यात कळायचं. माल तपासणारा माणूस माझ्या विड्यांचा कट्टा दाबून बघायचा आणि म्हणायचा, "बाई, काल रडायचा धडा होता वाटतं! सगळ्या सैल आल्यात." खोटं नव्हतं त्याचं. डोळे पुसता पुसता दोरा घट्ट कसा बसणार?

दुष्काळाचं ते साल. रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी खाऊन सगळ्यांचे जबडे दुखायचे. त्या साली आमच्या ह्यांनी रद्दीवाल्याकडून एक जाड पुस्तक आणून दिलं. पुठ्ठा नाही, पुढची पानं नाहीत, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, लिहिणारा कोण, काहीच कळायला मार्ग नव्हता. फार जुनी कादंबरी होती एवढं मात्र खरं. भाषा अशी की एकेक वाक्य घाट चढल्यासारखं वाचावं लागे, आणि लेखक मध्येच थांबून "वाचकहो" म्हणत आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगे.

गोष्ट साधी होती. नदीकाठचं गाव, पूल नाही, येणंजाणं सगळं नावेनं. नावाड्याचा मुलगा पुरात बुडतो, मागं तरुण सून राहते. पुढं त्या विधवा सुनेला मूल होतं. मुलाचा बाप कोण ते साऱ्या गावाला ठाऊक असतं. इनामदाराचा पुतण्या. पण त्याला विचारणार कोण? गावाची बैठक बसते आणि ठरतं की या बाईनं नावेत पाय ठेवायचा नाही. सासऱ्याचीच नाव, आणि सुनेला बंद.

"आता गं बया," आत्याबाई म्हणाल्या, "नाव त्याची, वल्हं त्याचं, आन् हुकूम गावाचा?"

"म्हंजे आपल्या ओसरीसारखंच," चाची म्हणाली. "ओसरी तुमची, आन् बोलती सारी गल्ली." चाचीचं घर आत्याबाईंच्या भिंतीला भिंत लावून. तिच्यासारखी विडी आमच्यात कुणाला वळता येत नसे, आणि आत्याबाईंना तिच्यासारखं बोलायची हिंमतही दुसऱ्या कुणाची नव्हती.

आत्याबाईंना जाड पुस्तक म्हणजे पोथीच वाटायची. मी हातपाय धुऊन बसायचं, पुस्तक पाटावर ठेवायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, आणि अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही. मी सांगून पाहिलं की आत्याबाई, ही पोथी नाही, नुसती गोष्ट आहे. चाचीनंही सांगितलं, "अवो, किताबात देवाचं नाव बी न्हाई!"

"कागदावर लिवलंय ना? छापलंय ना? मग उगी कोन छापंल?" एवढ्यावर विषय संपला.

पोथीचा आणखी एक नियम आत्याबाईंनी लावला, आणि तोच पुढं महत्त्वाचा ठरला. ऐकायला बसलेल्या माणसाला पोथी संपेपर्यंत कुणी उठवायचं नाही. उठवलं तर सगळ्यांचंच पुण्य जातं.

आमच्यात एक बाई नवी होती. राजूरकडची, डोंगरातली. तिकडं पीक बुडालं म्हणून दीडेक वर्षाच्या मुलीला पाठीशी बांधून खाली आलेली. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू, नवरा मुंबईला कामाला आहे म्हणायची. आम्ही तिला राजूरवालीच म्हणायचो. तिच्या नावाचं कारखान्याचं कार्ड नव्हतं, म्हणून आत्याबाई आपल्या कार्डावर जास्तीची पानं-तंबाखू आणून तिला देत आणि तिच्या विड्या आपल्या मालात घालत. म्हणजे आत्याबाईंनी नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी तिची चूल बंद, हे तिलाही माहीत होतं. ती ओसरीवर कधी चढली नाही. पायरीवर बसायची, मुलीला मांडीशी निजवायची आणि मान खाली घालून वळत राहायची. पण गोष्ट मात्र तिच्याइतकी कुणी ऐकत नव्हतं. नावाड्याच्या सुनेला पहिल्यांदा नावेतून उतरवलं, तो भाग मी वाचला तेव्हा सगळ्या "अरे देवा" करत होत्या, आणि राजूरवालीचे हात तेवढे थांबले होते.

पुस्तक निम्म्याच्या पुढं गेलं असेल, आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनी राजूरला एका लग्नाला जाऊन आल्या. आल्या त्या सूप न घेताच ओसरीवर आल्या.

"आत्याबाई, ह्या बयेचं लगीनच झालेलं न्हाई! मुंबईला कोन न्हाई न् कोन न्हाई. समद्या राजूरला ठावं हाय. फॉरेष्टात कुनी कंत्राटी आला हुता म्हनं, तो गेला, आन् ही ऱ्हाइली."

राजूरवाली पायरीवरच होती. आत्याबाईंनी तिला विचारलं, "व्हय गं? मग हे गळ्यातलं कुनी घातलं?"

"माझं मीच," ती म्हणाली. "बाजारातनं घेतलं. त्याबिगर खोली कुनी देईना."

लपवलंही नाही तिनं, रडलीही नाही. मला वाटतं, आमच्यातल्या काहींना तेच जास्त लागलं. तासाभरापूर्वी याच बायकांनी कागदावरच्या बाईसाठी पदर ओले केले होते. पण कागदावरची बाई आपल्या शेजारी सूप घेऊन बसत नाही, आपल्या मालात तिचा माल मिसळत नाही.

वहिनींना मी तेव्हाही वाईट म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. त्यांची थोरली लग्नाची होती. त्याच महिन्यात राहात्याची मंडळी बघायला यायची होती. "तुमच्या ओसरीवर माझी पोर बसती, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "उद्या कुनी म्हनलं, असल्या बायांच्यात बसती, मग? उठवा तिला. आत्ताच्या आत्ता."

आत्याबाईंनी बराच वेळ दोरा नुसता बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, "पोथी चालू हाय. ऐकनारीला उठवत न्हाईत. संपू दे, मग बघू."

"ठीक हाय," वहिनी म्हणाल्या. "आन् पोथीतबी तीच भानगड हाय न्हवं? मग पोथीच सांगंल ना, असल्या बाईचं काय करायचं ते. नावाड्याच्या सुनंला गाव ठेवून घेतं का न्हाई, बघू की."

"बघू," आत्याबाई म्हणाल्या. आणि हे बोलणं झालं तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. जणू मी पुस्तक वाचणारी नव्हे, तर निकाल वाचणारी होते.

त्या दिवशी घरी जाऊन मी स्वयंपाकाआधी शेवटची पानं उघडली. एरवी मी पुढचं कधी बघत नसे. मजा जाते. पण त्या दिवशी राहवलं नाही. आणि जे भीत होते तेच निघालं. शेवटच्या अध्यायात नदीला पाणी चढलंय, पलीकडं बाजार आहे, नावेत सारं गाव बसलंय. सून मुलाला घेऊन काठावर येते. नावेत चढायला कुणी देत नाही. सासरा वल्हं धरून खाली बघत राहतो. ती मुलाला वाळूवर ठेवते, आणि चालत पाण्यात शिरते. मग त्यापुढं "वाचकहो", आणि नीती म्हणजे काय यावर दीड पान.

मी पुस्तक मिटलं. आमटी करपली त्या दिवशी.

पुढं शेवटचा अध्याय तेवढा उरला, तसं मी वाचन लांबवायला लागले. एक दिवस घसा बसला. एक दिवस डोळा आला. एकदा म्हटलं अक्षरं पुसट आहेत, नीट लावून घेते. मागचा अध्याय पुन्हा वाचू या का, असंही विचारून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "मास्तरीण, तुझा घसा रोज दुपारलाच कसा बसतो गं? सकाळी तर नळावर चांगली भांडत हुतीस." सगळ्या हसल्या. राजूरवाली हसली नाही.

चाचीच्या नजरेतून काही सुटत नसे. तिनं मला बोळात गाठलं. "मरती ना ती?"

मी मान हलवली.

"मग बदलून टाक की! तुझ्याबिगर इथं वाचता कुनाला येतंय? नावाडी म्हनतो, चल बेटी, बैस नावेत. झालं. खतम. कोन बघनार हाय?"

"चाची, लिहिलेलं कसं बदलायचं? हळदकुंकू वाहिलंय त्याला."

"अगं, त्या लिवनाऱ्यानं एक बाई मारली. तू एक वाचवलीस तर काय पाप लागंल?"

चाचीचं म्हणणं मला पटत होतं. तरी मन घेत नव्हतं. पुडीचे कागद वाचून जी थोडीशी अक्कल मला आली होती, ती सगळी या एका विश्वासावर होती की छापलेलं असेल ते जसंच्या तसं वाचायचं. ते सोडलं तर मी कसली मास्तरीण?

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर राजूरवाली माझ्या मागंच हंडा घेऊन उभी राहिली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "अक्का, शेवट वंगाळ हाय न्हवं?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाय पायजे? तुमचा घसा सांगतोय." मग हंडा नळाखाली सरकवून म्हणाली, "हाय तसंच वाचा, अक्का. बदलू नका."

"पण त्या तुला उठवतील."

"उठवतील तर उठंन. आता तुमी बदलून वाचलं, मी बसले. उद्या कुनी शिकल्याली पोर आली, तिनं खरं वाचून दावलं. मग परत उठा. मला एकदाच उठवा, उठवायचं असंल तर. रोज रोज कोन भिऊन बसनार?"

हंडा भरला तसा तिनं उचलला आणि निघून गेली. तिच्या चालीत काही धीरोदात्त वगैरे नव्हतं हो. हंडा गळका होता, पाणी सांडत होतं, म्हणून ती भराभर चालत होती.

त्या दुपारी मी हातपाय धुतले, पुस्तक पाटावर ठेवलं आणि शेवटचा अध्याय काढला. वहिनी आज सूप घेऊन आल्या होत्या, पण त्यात पानं नव्हती. राजूरवाली पायरीवर. तिची पोर चाचीच्या पोत्यावर निजलेली. मी वाचायला लागले. नदीचं पाणी, बाजार, नावेतली माणसं. कात्र्यांचा आवाज हळूहळू बंद झाला. सून वाळूवरनं पाण्याकडं निघाली तेव्हा माझाच आवाज फुटेना, आणि या वेळी घसा खरंच बसला होता. तरी वाचलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, मग पदर तेवढा वर दिसला, मग तोही नाही.

"झालं," मी म्हटलं. "पुढं नीतीवर लिहिलंय."

वहिनींचा पदर डोळ्याला होता. निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता, आणि तरी त्या रडत होत्या. मग आत्याबाईंचा आवाज आला.

"आन् पोर?"

"कोण पोर?"

"वाळूवर ठिवलं न्हवं का तिनं? पोराचं काय झालं?"

मी पान बघितलं. उलटून बघितलं. "ते लिहिलं नाही आत्याबाई."

"लिवलं न्हाई म्हंजे? नीट बघ. नदी चढलीया, आन् पोर काठाला हाय!"

"नाही हो. इथून पुढं नीतीच आहे."

"नीती घाल चुलीत! पोर कुनी उचललं ते वाच!"

काय सांगू, ओसरीवर एकच गलका उडाला. एक म्हणाली, नावाड्यानंच उचललं असणार, आजाच तो. दुसरी म्हणाली, तो कसला उचलतोय, सुनेकडं बघायची ताकद नाही त्याला. चाची म्हणाली, नावेत बाजारला निघालेली एक तरी बाई उतरली असेल की, सगळ्याच काय दगड होत्या? वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "अवो, पानी चढतंय म्हनल्यावर आधी पोर वर घ्यायचं, मग काय बोलायचं ते बोलायचं." बोलून गेल्या आणि स्वतःच थांबल्या. पोत्यावरची पोर त्या आरड्याओरड्यानं उठून बसली होती आणि एकेकीचं तोंड बघत होती.

आत्याबाईंनी पाटावरचं पुस्तक दोन्ही हातांनी उचललं. उघडून बघितलं, जसं काही त्यांना वाचता येत होतं. मग माझ्या मांडीवर ठेवलं. पाटावर नाही.

"ही पोथी न्हवं," त्या म्हणाल्या. "पोथी कुठं असं लेकरू काठावर टाकून संपती व्हय? लिवनाऱ्यानं बाई बुडवली आन् पोराला इसरला. त्याचं त्यालाच उमगलं न्हाई, तो आमाला काय सांगनार?"

वहिनी सावरून म्हणाल्या, "पोथी न्हवं ना? मग ऐकनारीला उठवायचं न्हाई, ह्यो बी नेम न्हाई. उठवा तिला."

"पोथी न्हवं तर तिचा निकालबी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "ओसरी माझी हाय. मी अजून काय ठरवलं न्हाई."

वहिनी सूप उचलून गेल्या. त्या पुढं पुष्कळ दिवस आल्या नाहीत. थोरलीचं राहात्याला ठरलं, लग्न झालं, मगच परत ओसरीवर दिसल्या.

त्या संध्याकाळी राजूरवालीनं आपल्या विड्या मोजून त्यांच्या टोपलीत ठेवल्या, पोरीला उचललं आणि गेली. उद्या ये असंही कुणी म्हटलं नाही, येऊ नको असंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. सगळ्या आल्या, राजूरवाली नाही. आत्याबाई दोनदा पायरीपर्यंत जाऊन आल्या. कात्री हरवली म्हणून ओरडल्या, आणि कात्री त्यांच्या हातातच होती. मग एकदम माझ्यावर डाफरल्या, "मास्तरीण, बसलीस काय? जा, नदीवर बघून ये!"

"नदीवर कशाला?"

"कशाला काय इचारतीस? तूच वाचलंस न्हवं काल?"

चाची आणि मी पदर खोचून प्रवरेकडं धावलो. आता खरं सांगायचं तर दुष्काळाच्या त्या साली प्रवरेत बुडायला पाणी कुठं होतं! पण धावताना ते आमच्याही ध्यानात आलं नाही. वाळूत झरे खणून बायका वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. राजूरवाली तिथं नव्हती. चाची वाळूतच मटकन बसली आणि हसायलाच लागली. "या अल्ला, किताबातली नदी भरलीती, आपली कुठं भरल्याली!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग माझ्याही.

येताना राजूरवाली आम्हाला रेशनच्या दुकानापुढं सापडली. रांगेत उभी, कडेवर पोर, हातात पिशवी. मिलो आला होता आणि रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती. आम्ही तिला सोबत घेऊनच ओसरीवर आलो. आत्याबाईंनी तिला पायरीपर्यंत पण येऊ दिलं नाही, तिथूनच सुरू झाल्या.

"कुठं उलथली हुतीस गं? सांगून जायला जीभ झडली हुती? हितं मानसं येडी व्हायची पाळी आली! पानं वाळली तुझी, आता काय कपाळ वळनार? आन् पोरीला ह्या उनात रांगेत उभी करतीस, अक्कल हाय का?"

राजूरवाली बघतच राहिली. तिला वाटलं, उठवलंच. पण आम्हाला ठाऊक होतं. आत्याबाई परक्या माणसाशी नेहमी गोड बोलायच्या. शिव्या द्यायच्या त्या फक्त घरच्यांना. चाचीनं मला कोपरानं ढोसलं.

तिच्या हातचा चहा आत्याबाईंनी पुढंही कधी घेतला नाही, हे मी सांगितलं नाही तर खोटं होईल. सणावारी पुरणपोळीचं ताट ओसरीवरून जायचं, पण आतल्या घरात तिला त्यांनी कधी बोलावलं नाही. माणूस एका दुपारीत सगळंच सोडत नाही. मात्र पानं आणि तंबाखू तिला मिळत राहिली, आणि कुणी काही बोललंच तर आत्याबाई म्हणायच्या, "माझी ओसरी हाय, त्या नावाड्याची नाव न्हाई."

त्या दिवशी एवढं बोलून झाल्यावर आत्याबाईंना धाप लागली. त्यांनी पोरीला राजूरवालीच्या कडेवरून घेतलं, आपल्या सुपाशेजारी बसवलं, पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावला. मग राजूरवालीकडं न बघताच म्हणाल्या, "आता उभी काय ऱ्हाइलीस? वर ये. पायरीला ऊन लागतंय."